गायक नट आणि पदांना लागलेली कात्री

मुंबईत संगीत नाटकात उभं राहणाऱ्या गायक नटाची कारकीर्द समजून घ्यायची, तर त्याच्या वाट्याला पदं, म्हणजे नाटकातली गाणी, किती उरली, हे आधी पाहावं लागतं. 1880च्या ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं होती, ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक. रात्र-रात्र चालणारे प्रयोग, कंपनीचा पगार, बिऱ्हाडातच जेवण आणि तालीम, या काळावर पुष्कळ लिहून झालं आहे.

1931मध्ये बोलपट आला आणि कंपन्यांची घडी विस्कटली. 1933मध्ये मुंबईतच ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आलं. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या, गाणी मोजकी ठेवली. पगार गेला, ‘नाइट’, म्हणजे प्रयोगागणिक मिळणारं मानधन, आली. पुढच्या पिढ्यांतले कितीतरी गायक नट दिवसा बँकेत किंवा सरकारी कचेरीत आणि संध्याकाळी रंगपटात, असे जगले.

खरा वाद मात्र जुन्या नाटकांच्या पुनरुज्जीवनातला आहे. नाट्यगृहाचं सत्र ठरलेलं, रात्रीच्या प्रयोगानंतर प्रेक्षकाला शेवटची लोकल गाठायची. तेव्हा काटछाट अटळ होती, हे मान्य. पण काय कापायचं हे बहुतेकदा घड्याळाकडे बघून ठरलं. नायक-नायिकेची गाजलेली पदं राहिली, दुय्यम भूमिकांची गेली. नवा मुलगा वा मुलगी त्याच भूमिकांतून तयार होत असे. दोन पदं गायची, वन्समोअर पेलायला शिकायचं, मग पुढच्या भूमिकेकडे जायचं. ही पायरीच निघाली, आणि हे नुकसान मला बोलपटाने केलेल्या नुकसानाइतकंच मोठं वाटतं.

कात्री चुकीच्या जागी लागली की रंगमंचावरही ते लगेच कळतं. गद्य संपता संपता ऑर्गनवाला षड्ज, म्हणजे गाण्याचा आधाराचा ‘सा’, धरतो. नायकाचं पद काळी एकमध्ये, पाठोपाठ नायिकेचं काळी चारमध्ये, म्हणजे दोघांच्या सुरांच्या पट्ट्या वेगळ्या. त्यासाठी तबलजी दोन्ही पट्ट्यांचे तबले आधीच लावून ठेवतो. मधला संवाद किंवा एखादं छोटं पद गाळलं, तर कानाला नव्या पट्टीत शिरायला उसंत मिळत नाही आणि नायिकेचा पहिला सूर अधांतरी लागतो. म्हणून काटछाटीला बसताना दिग्दर्शकाच्या शेजारी ऑर्गनवाला हवाच.

1960च्या दशकाने वेगळी वाट काढली. ‘मत्स्यगंधा’ (1964), ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) यांत पदं मुळातच बेताची, चाली नव्याने बांधलेल्या. नाटकं उत्तम चालली. ‘कट्यार’मध्ये तर पात्रच गवई, त्यामुळे गाणं कथेतूनच येतं. पण अशा भूमिकेला तयार मैफली गवई लागतो. नटाने गाणं शिकत वर चढायचं, ही जुनी रीत तिथे लागू पडत नाही.

2015मध्ये ‘कट्यार’वर चित्रपट आला आणि तरुण प्रेक्षकांत या गाण्यांविषयी कुतूहल जागं झालं. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांना स्वतंत्र विभाग आहे, तिथे नवे आवाज ऐकू येतात. व्यावसायिक प्रयोग मात्र तुरळक, बहुधा शनिवार-रविवारी. कॉलरला माइक असल्याने शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज उरलेली नाही. साथीदारांचा खर्च वाचवायला ध्वनिमुद्रित ट्रॅकवर गाण्याची सूचनाही अधूनमधून पुढे येते. तिला ठाम विरोध व्हायला हवा, कारण ट्रॅकवर वन्समोअर घेऊन नवी तान टाकता येत नाही.