नोकरी गेल्यावरचा हिशेब: बार्शी लाइट, जे. जे. रुग्णालय आणि पाच लाखांची जुनी मर्यादा

नोकरीवरून कमी केलेल्या माणसाच्या शेवटच्या हिशेबात चार-पाच रकमा एकत्र येतात. राहिलेला पगार, नोटीस पे (नोटिशीऐवजी दिलेला पगार), कपातीची म्हणजे जादा कामगार म्हणून कमी केल्याची भरपाई, ग्रॅच्युइटी (केलेल्या सेवेबद्दलची एकरकमी रक्कम), शिल्लक रजेचे पैसे. प्रत्येकीचा नियम वेगळा, मुदत वेगळी आणि करही वेगळा. हे सगळं कुणी एका बैठकीत ठरवलेलं नाही. बरेचसे नियम कोर्टकज्ज्यांतून आले आणि त्यातले दोन महत्त्वाचे खटले आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा झाला तेव्हा त्यात कपातीच्या भरपाईचा उल्लेखच नव्हता. १९५३ साली कापड गिरण्यांत माल पडून राहिला आणि हजारो कामगारांना ले-ऑफ मिळणार, म्हणजे तात्पुरतं घरी बसवलं जाणार, अशी चिन्हं दिसू लागली. सरकारने घाईने अध्यादेश काढला, पाठोपाठ दुरुस्ती आली आणि २४ ऑक्टोबर १९५३ पासून नवं प्रकरण लागू झालं. सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून जास्त असेल तर तोही पूर्ण वर्ष धरायचा.

या नियमाची पहिली मोठी कसोटी लागली ती मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर मार्गावरच्या बार्शी लाइट रेल्वेत. सरकारने ही खासगी नॅरोगेज रेल्वे १ जानेवारी १९५४ पासून ताब्यात घेतली आणि कंपनीने त्याआधीच सगळ्यांना नोटिसा दिल्या. बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतलं, पण कंपनीतली नोकरी संपली होती, म्हणून कामगारांनी भरपाई मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल फिरवला: कपात म्हणजे चालू धंद्यातले जादा कामगार कमी करणं, धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे.

म्हणजे दहा माणसं काढणाऱ्या मालकाने भरपाई द्यायची आणि कारखान्याला टाळं ठोकणारा मोकळा! ही फट १९५७ मध्ये बुजवली गेली, आधी अध्यादेशाने, मग कायद्याने. नवी कलमं २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून, लागू धरली. बार्शीच्या कामगारांच्या पदरात त्यातून काही पडलं नाही. पण पुढे देशभर जिथे जिथे कारखाने बंद पडले, तिथल्या कामगारांचा हक्क त्यांच्या हरलेल्या खटल्यावर उभा आहे.

दुसरा खटला मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातला. वॉर्डात काम करणाऱ्या दोन नोकरांना भरपाई न देताच कमी केलं होतं. सरकारचं म्हणणं, भरपाई नंतर दिली तरी चालेल, त्याने कपात रद्द होत नाही. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या या निकालाने ठरवलं की भरपाई ही कपातीची पूर्वअट आहे. ती चुकवली तर कपातच बेकायदा. मला हा निकाल या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. अलीकडच्या काळात, विशेषतः रोजंदारीवरच्या लोकांबाबत, न्यायालयं अशा चुकीसाठी पुन्हा कामावर घ्यायला सांगण्याऐवजी एकरकमी पैसे देऊ लागली आहेत. त्याने या पूर्वअटीची धार बोथट झाली आहे.

बाकीच्या पैशांच्या मुदती वेगवेगळ्या कायद्यांतून आल्या. १९३६ च्या वेतन कायद्यानुसार काढलेल्या माणसाचा पगार दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी द्यायचा होता. मात्र शेवटी शेवटी ही हमी महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती मर्यादा गेली, आणि राजीनामा देणारेही दोन दिवसांच्या नियमात आले. ग्रॅच्युइटीला ३० दिवस. नव्या औद्योगिक संबंध संहितेने आणखी एक रक्कम जोडली: मालकाने १५ दिवसांचा पगार कौशल्य निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा.

आता कर. १९६१ च्या आयकर कायद्यात नोकरी सुटताना मिळालेली भरपाई पगारातच धरली जाई. १९७५ च्या वित्त कायद्याने कपातीच्या भरपाईला सूट दिली. कायद्याच्या सूत्राने निघणारी रक्कम, सरकारने ठरवलेली मर्यादा आणि प्रत्यक्ष मिळालेले पैसे, यांत जी रक्कम कमी तेवढी करमुक्त. एक उदाहरण घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २६,००० रुपये, इतर भत्ते नाहीत, सेवा १२ वर्षं ७ महिने. भरपाई अर्ध्या महिन्याच्या पगाराने, १३,००० गुणिले १३, म्हणजे १,६९,००० रुपये. ग्रॅच्युइटीत महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून १५,००० गुणिले १३, म्हणजे १,९५,००० रुपये. दोन्हींवर कर नाही, नव्या करप्रणालीतही नाही. नोटीस पे मात्र पूर्ण करपात्र.

सरकारची ती मर्यादा १ जानेवारी १९९७ पासूनच्या कपातींसाठी ५ लाख रुपये झाली आणि तिथेच थांबली. ग्रॅच्युइटीची मर्यादा २०१८ मध्ये २० लाखांवर गेली. खासगी नोकरदारांच्या रजेच्या पैशांची २०२३ मध्ये ३ लाखांवरून थेट २५ लाखांवर. पोट ज्या पैशांवर भागवायचं, नेमकी तीच मर्यादा तशीच राहावी हा सरळ अन्याय आहे. ५ लाखांवरच्या रकमेला आयकरात थोडा दिलासा मिळू शकतो (१९६१ च्या कायद्यात तो कलम ८९ खाली होता), पण त्यासाठी सलग तीन वर्षं सेवा झालेली हवी आणि नोकरीची मुदतही किमान तीन वर्षं उरलेली हवी.

शिवाय ही सूट फक्त कायद्याच्या व्याख्येतल्या कामगाराला. व्यवस्थापकाला ती नाही. आयटीतल्या माणसाचं काय, ते पदनावावर नव्हे, प्रत्यक्ष कामावर ठरतं. आणि तिथे बहुधा कपातीचं पत्र दिलंच जात नाही. राजीनामा मागितला जातो. सही केली की कागदोपत्री कपात झालीच नाही, आणि वर मिळालेले दोन-तीन महिन्यांचे पगार सगळेच्या सगळे करपात्र. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते, आणि रजेच्या पैशांची सूट राजीनाम्यालाही लागू होते असं मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. भरपाईचा हक्क आणि तिची करसूट मात्र त्या सहीबरोबर जाते.