विमान कंपनीचं स्टाफ तिकीट : कोणाला मिळतं, कागद कोणते लागतात आणि गेटवर कसं वागायचं

स्टाफ तिकीट, म्हणजे विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सवलतीत मिळणारं तिकीट, हातात आलं की आधी भाडं बघू नका, स्थिती बघा. तिथे आर-१ असेल तर जागा पक्की. आर-२ असेल तर पैसे भरून आलेले सगळे प्रवासी बसल्यावर जी खुर्ची उरेल ती तुमची, आणि नाही उरली तर तुम्ही टर्मिनलमध्येच. नव्याने रुजू झालेल्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा आर-२ येतं, ज्याला सगळे स्टॅन्डबाय म्हणतात. या सवलतीचे जवळजवळ सगळे नियम आणि रीतिभाती याच एका अटीतून निघतात.

पात्र कोण

काही कंपन्या रुजू झाल्या झाल्या सवलत देतात, काही प्रोबेशन संपेपर्यंत थांबवतात. कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी बऱ्याचदा वेगळे नियम असतात. कर्मचाऱ्यापाठोपाठ जोडीदार, ठरावीक वयापर्यंतची अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील हे नेहमीचे पात्र लोक. भावंडं, सासूसासरे, लग्नाशिवाय एकत्र राहणारा जोडीदार यांच्याबाबत प्रत्येक कंपनीचं धोरण निराळं. अविवाहित कर्मचाऱ्याला अनेक ठिकाणी एक सोबती नोंदवता येतो, पण एकदा दिलेलं नाव मनात आलं तेव्हा बदलता येत नाही, बहुधा वर्षभर थांबावं लागतं. नव्या प्रेमाच्या भरात नाव टाकण्याआधी जरा दम धरा.

मित्र आणि लांबच्या नातेवाइकांसाठी काही कंपन्या वर्षाला मोजके बडी पास देतात. ते स्टॅन्डबायच्या यादीत बहुधा तळाला असतात आणि कधी कधी कराचं लचांडही मागे लागतं. अमेरिकेत आयकर कायद्याच्या कलम १३२ नुसार कर्मचारी, जोडीदार, अवलंबून मुलं आणि विमानप्रवासापुरते आईवडील यांचा असा प्रवास करमुक्त आहे. मित्राने वापरलेल्या पासचं मूल्य मात्र कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. पास विकणं तर सरळ नोकरीवर गदा आणणारं आहे. ‘फक्त टॅक्सचे पैसे घेतले’ हा खुलासा लेखी धोरणात बसतो का, ते आधी वाचा.

सवलत किती

स्वतःच्या कंपनीत तिकीट बऱ्याचदा फक्त कर आणि विमानतळ शुल्क भरून मिळतं. दुसऱ्या कंपनीच्या विमानात जायचं तर दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत आयडी तिकिटांची: आयडी-९० म्हणजे मूळ भाड्यावर ९० टक्के सूट, आयडी-५० म्हणजे ५० टक्के. दुसरी पद्धत झेड, म्हणजे झोनल एम्प्लॉयी डिस्काउंट. यात भाडं अंतराच्या टप्प्यांवर ठरतं आणि त्याच्या कमी, मध्यम, जास्त अशा तीन पातळ्या असतात. कोणती पातळी लागू होणार हे त्या दोन कंपन्यांमधला करार ठरवतो. त्यामुळे तुमच्या आईवडिलांना तुमच्या कंपनीत सवलत असली, तरी शेजारच्या काउंटरवरच्या कंपनीशी झालेल्या करारात ते असतीलच असं नाही. दोन्ही पद्धतींत कर पूर्ण भरावे लागतात. जवळच्या प्रवासात कधी कधी बाजारातलं स्वस्त तिकीट झेडपेक्षा परवडतं, आणि ते पक्कंही असतं. हा हिशोब न करणारे बरेच भेटतात.

कागदपत्रं

नातं सिद्ध करणारा प्रत्येक कागद आधी कंपनीच्या पोर्टलवर चढवून मंजूर करून घ्यावा लागतो. जोडीदारासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मुलांसाठी जन्मदाखला, दत्तक मूल असेल तर दत्तकविधानाचे कागद. आईवडिलांच्या वेळी लोक गोंधळतात. तिथे त्यांचा नाही, तुमचा जन्मदाखला लागतो, कारण त्यावर त्यांची नावं असतात. सगळ्यांची नावं पासपोर्टवर जशी आहेत तशीच, अक्षरन् अक्षर, नोंदवा. लग्नानंतर आडनाव बदललं आणि पासपोर्ट जुनाच राहिला, तर पोर्टलवरही जुनंच ठेवा. दुसऱ्या कंपनीच्या चेक-इनला कर्मचारी ओळखपत्र मागतात. ते मुदतीत आहे ना, हे निघायच्या आदल्या दिवशी नको, अर्ज करतानाच बघा.

व्हिसाचं प्रकरण स्टॅन्डबायवाल्यांना जास्त अंगाशी येतं. चेक-इनवरचा कर्मचारी टिमॅटिक या प्रणालीत तुमच्या पासपोर्टचे नियम तपासतो. तिथे परतीचं किंवा पुढचं तिकीट हवं असं दिसलं, तर ते दाखवावंच लागतं. शिवाय थेट विमानात जागा मिळाली नाही की आपण तिसऱ्याच देशातून वळसा घालायला निघतो, आणि त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा नसतो. पर्यायी मार्ग ठरवतानाच त्याचा व्हिसाही बघून ठेवा.

अर्ज ते बोर्डिंग पास

बऱ्याच कंपन्या तिकिटासाठी मायआयडीट्रॅव्हल किंवा स्वतःचं पोर्टल वापरतात. प्रवासी निवडा, मार्ग निवडा, पैसे भरा, ई-तिकीट येतं. इथे नवखे फसतात. तिकीट काढणं आणि त्या विमानाच्या यादीत नाव लावणं, म्हणजे लिस्टिंग, ही दोन वेगळी कामं आहेत. काही ठिकाणी दोन्ही एकदम होतात, काही ठिकाणी नाही. तिकीट आहे पण लिस्टिंग नाही, तर गेटवर तुमचं नावच दिसत नाही. आणि बेत बदलला तर लिस्टिंग काढून टाका. खोट्या नावांनी फुगलेली यादी बघून दुसरा एखादा सहकारी उगाच प्रवास रद्द करतो.

निघण्याआधी लोड बघायचा, म्हणजे किती जागा विकल्या गेल्या आणि तुमच्यासारखे किती जण ताटकळत आहेत. बारा जागा रिकाम्या आणि चौदा स्टॅन्डबाय, तर रिकाम्या काहीच नाहीत. दिवसाचं पहिलं विमान धरा. सकाळी राहिलेले दुपारच्या यादीत जातात, दुपारचे संध्याकाळच्या, आणि रात्रीपर्यंत यादीचं शेपूट लांबत जातं. सुट्ट्यांच्या काळात काही कंपन्या ठरावीक तारखांना स्टाफ तिकीटच बंद ठेवतात, त्याला एम्बार्गो म्हणतात.

जागा रिकाम्या दिसत असूनही नाव पुकारलं जात नाही, तेव्हा कटाची शंका घेऊ नका. उतरायच्या विमानतळावर हवामान खराब असलं की जास्तीचं इंधन घ्यावं लागतं, कडक उन्हात विमानाची वजन उचलण्याची क्षमता घटते, आणि वजनाची मर्यादा आली की पहिली कात्री स्टॅन्डबायवर पडते.

यादीतला क्रम कामावर निघालेल्यांपासून सुरू होतो, मग कंपनीचे कर्मचारी आणि कुटुंबीय, मग दुसऱ्या कंपन्यांचे. एकाच गटात कोण आधी, याचे दोन पंथ आहेत. डेल्टामध्ये नोकरीची ज्येष्ठता बघतात, अमेरिकन एअरलाइन्समध्ये चेक-इनची वेळ. दुसऱ्या पंथात असाल तर चेक-इन उघडण्याच्या मिनिटाला फोन हातात हवा.

कामावर निघालेले वेगळे का, हे २०१७ च्या एप्रिलमधल्या प्रकरणावरून कळतं. शिकागोहून लुईव्हिलला जाणाऱ्या युनायटेडच्या ३४११ क्रमांकाच्या विमानातून भाडं भरलेल्या एका प्रवाशाला ओढत बाहेर काढलं, ते चार विमान कर्मचाऱ्यांना जागा करून देण्यासाठी. ते चौघे पुढच्या विमानावर ड्युटीसाठी निघाले होते. सवलतीवर फिरायला निघालेल्या कर्मचाऱ्यासाठी कोणालाही उठवलं जात नाही.

गेटवर

त्या शिकागोच्या प्रकरणाच्या काही दिवस आधी, २६ मार्चला, युनायटेडनेच डेन्व्हरहून मिनियापोलिसला निघालेल्या दोन किशोरवयीन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात घेतलं नाही. त्या कर्मचारी पासवर होत्या आणि पासवाल्यांना पोशाखाचा नियम होता. नियम जाचक वाटू शकतो, मलाही वाटतो, पण तो तिकिटाच्या अटींचा भाग असतो. दुसऱ्या कंपनीच्या विमानात जाताना त्यांचा नियम लागू होतो. बिझनेस क्लासची आशा असेल तर साध्या, नीटनेटक्या कपड्यांत जा.

गेटवरच्या कर्मचाऱ्याला एकदा नाव सांगा आणि नजरेच्या टप्प्यात बसा. मी नवा असताना तीनदा जाऊन विचारलं होतं. तिसऱ्यांदा त्या बाईंनी मान वर न करता ‘नाव आहे, दिसतंय’ एवढंच म्हटलं, ते अजून आठवतं. भाडं भरलेल्या प्रवाशांसमोर ‘आम्ही स्टाफ’, ‘फुकटात चाललोय’ असलं काही बोलू नका. शेजारच्याने त्याच खुर्चीला भरपूर पैसे मोजलेले असतात. मोठं सामान टाळा, कारण तुम्ही शेवटी चढणार आणि वरचे कप्पे भरलेले असणार. कुटुंब एकत्र बसेल ही अपेक्षा धरू नका. दोनच जागा मिळाल्या तर कोण पुढे जाणार, हे घरातच ठरवून या. गेटवर चाललेला कौटुंबिक वाद विमान उशिरा सोडू शकतो.

आत गेल्यावर मिळालेली खुर्ची आपली. जेवण संपलं असेल तर संपलं. कोणी जागा बदलायची विनंती केली तर उठा. पास वापरणाऱ्या आत्याने गोंधळ घातला, तरी नोटीस तुम्हाला येते आणि सवलत तुमची गोठते. म्हणून नाव टाकण्याआधी हे सगळं त्यांनाही नीट सांगा.

अडकून पडलात तर हॉटेल, जेवण, दुसरं तिकीट सगळं स्वतःच्या खिशातून. युरोपातला विलंब भरपाईचा २६१/२००४ हा नियमही सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटांना लागू होत नाही. परतीच्या पूर्ण भाड्याच्या तिकिटाएवढे पैसे खात्यात असल्याशिवाय निघू नका, आणि रजा संपते त्या रात्रीच्या विमानावर तर मुळीच विसंबू नका. न वापरलेल्या तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळतात, पण मुदत संपण्याआधी पोर्टलवर रिफंडचा अर्ज तुम्हालाच करावा लागतो.