सेवाबंदी आणि परित्याग: बंद पडलेल्या दोन रेल्वेमार्गांची तुलना

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात टेनेसी पास नावाची सुमारे 10,200 फूट उंचीवरील खिंड आहे. तेथील रेल्वेमार्गाचे रूळ गंजले आहेत, स्लीपरांच्या मधून झुडपे वर आली आहेत आणि 1997 च्या ऑगस्टनंतर तेथून एकही थेट मालगाडी गेलेली नाही. न्यू जर्सीतील लॅकावाना कटऑफ या 28.5 मैलांच्या, अंतर कमी करणाऱ्या रेल्वेमार्गावर तर झुडपांच्या सोबतीला रूळही उरले नव्हते, कारण ते 1984 मध्ये उखडून नेले गेले. आपण दोन्हींना ‘बंद पडलेली लाईन’ म्हणून मोकळे होतो. अमेरिकी कायदा मात्र पहिल्या मार्गाची केवळ सेवा बंद झाली असे मानतो आणि दुसऱ्याचा परित्याग झाला असे.

तेथील रेल्वे कंपन्या खासगी असल्या, तरी मनात आले म्हणून त्यांना मार्ग बंद करता येत नाही. वाजवी मागणी करणाऱ्या कोणाचाही माल नेण्याचे त्यांच्यावर बंधन असते आणि त्यातून सुटण्यासाठी नियामकाची परवानगी लागते. 1995 अखेरपर्यंत हा अधिकार इंटरस्टेट कॉमर्स कमिशनकडे होता, 1996 पासून तो सर्फेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाकडे आहे. सेवाबंदीची परवानगी मिळाली की गाड्या चालवण्याची सक्ती संपते, पण मार्ग देशाच्या रेल्वेजाळ्याचा भाग राहतो आणि तो मोडून विकता येत नाही. परित्याग अमलात आला की मार्ग जाळ्याबाहेर जातो, नियामकाचा त्यावरील अधिकार संपतो आणि जेथे कंपनीकडे जमिनीची मालकी नसून केवळ वहिवाटीचा हक्क होता, तेथे ती जमीन बहुधा लगतच्या मालकाकडे परत जाते.

विलीनीकरणानंतर हा प्रश्न हमखास उभा राहतो, कारण एकेकाळी स्पर्धेपोटी बांधलेले समांतर मार्ग एकाच मालकाच्या हाती येतात आणि ज्यावर घाट अवघड, त्याच्यावर गदा येते. सप्टेंबर 1996 मध्ये युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने टेनेसी पासचा मार्ग जिच्याकडे होता ती सदर्न पॅसिफिक ताब्यात घेतली. टेनेसी पासच्या पश्चिमेला दर 100 फुटांमागे 3 फूट चढ होता, तर युनियन पॅसिफिकचा स्वतःचा वायोमिंगमधील मार्ग कितीतरी सौम्य होता. कंपनीने परित्याग मागितला, पण बोर्डाने तो नाकारून केवळ सेवाबंदी मंजूर केली. येथील वाहतूक दुसरीकडे सुरळीत वळल्याचे आधी दिसावे, असा त्यामागचा विचार होता. ही सावधगिरी अनाठायी नव्हती, कारण 1997 च्या उत्तरार्धात ह्यूस्टन परिसरात या नव्या कंपनीच्या मालगाड्यांची अशी कोंडी झाली की ती सुटायला कित्येक महिने लागले. टेनेसी पास मार्गाच्या पूर्व टोकाला, रॉयल गॉर्जच्या दरीत, 1999 पासून पर्यटकांची गाडी धावते.

लॅकावाना कटऑफच्या वाट्याला असा सावध निर्णय आला नाही. 1911 मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग घाट आणि वळणे टाळण्यासाठी मुद्दाम प्रचंड भराव घालून बांधला होता. पॉलिन्सकिल नदीवरचा त्याचा काँक्रीटचा पूल 1,100 फूट लांब आणि 115 फूट उंच आहे. 1960 मध्ये ईरी आणि लॅकावाना या कंपन्या एकत्र आल्या, 1972 मध्ये एकत्रित कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 1 एप्रिल 1976 रोजी अशाच बुडीत कंपन्यांच्या एकत्रीकरणातून उभ्या राहिलेल्या कॉनरेलकडे हा मार्ग आला. पश्चिमेकडे जाण्यासाठी कॉनरेलकडे इतर वाटा होत्या, म्हणून तिने याचा परित्याग केला. येथे बांधणीचा दर्जा उपयोगी पडला नाही, हे मला या सगळ्यात सर्वाधिक खटकते. पुढे जमीन खासगी हातांत गेली, ती 2001 मध्ये राज्याला पैसे मोजून परत घ्यावी लागली आणि न्यू जर्सीतीलच अँडोव्हरपर्यंतच्या अवघ्या 7.3 मैलांवर गाडी पुन्हा नेण्यासाठी झाडे तोडण्यापासून जुना बोगदा दुरुस्त करण्यापर्यंत सारे नव्याने करण्याची वेळ आली.

रूळ आहेत की नाहीत, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. 1983 च्या कायदादुरुस्तीमुळे ‘रेलबँकिंग’ शक्य झाले. त्यात रूळ काढून सायकलची वाट केली, तरी भविष्यात गाडी परत येऊ शकते म्हणून मार्ग परित्यक्त मानला जात नाही. जमीनमालकांनी याला आव्हान दिले, पण 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

नुसत्या बंद ठेवलेल्या मार्गाचे पुढे काय होऊ शकते, हे वॉशिंग्टन राज्यातील स्टॅम्पीड पासवर दिसते. 1970 च्या विलीनीकरणातून झालेल्या बर्लिंग्टन नॉर्दर्नला हा मार्ग जास्तीचा वाटला आणि 1980 च्या दशकात खिंडीतील वाहतूक थांबली. रूळ मात्र जागेवर राहिले. पुढे वाहतूक वाढली, सांता फे कंपनीशी आणखी एक विलीनीकरण झाले आणि 1996 च्या अखेरीस तेथे पुन्हा गाड्या सुरू झाल्या. फक्त, जुन्या बोगद्याची उंची कमी असल्याने एकावर एक कंटेनर रचलेल्या गाड्यांना ही वाट घेता येत नाही.