नाशिकची भूमी आणि ५जीची रेंज

देशातील ५जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस जिओच्या ५जी शहरांच्या यादीत नाशिकचे नाव आले. यादीत शहराचे नाव येणे ही एका दिवसाची घटना असते. त्या शहराच्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक मजल्यावर आणि घराच्या आतल्या खोलीत ते जाळे पोहोचणे ही वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया आहे. या मधल्या काळात लोकांना दोन परस्परविरोधी अनुभव येतात. कधी रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या असूनही साधा व्हिडिओ अडकत राहतो, तर कधी जेमतेम एक-दोन दांड्या असताना मोठी फाइल क्षणात उतरते. या दोन्ही अनुभवांमागे एकच कारण आहे: फोनच्या कोपऱ्यातील दांड्या ज्या गोष्टीचा अंदाज देतात तिच्यावर इंटरनेटचा वेग थोडाच अवलंबून असतो, आणि ज्या गोष्टींवर तो खरोखर अवलंबून असतो त्या फोन आपल्याला दाखवत नाही.

सुरुवात लहरींपासून करावी लागेल. २०२२च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालेल्या लिलावात ५जीसाठी प्रामुख्याने वारंवारतांचे तीन पट्टे महत्त्वाचे ठरले: ७०० मेगाहर्ट्झ, ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा मधला पट्टा आणि २६ गिगाहर्ट्झ. यांपैकी ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर भरते, मधल्या पट्ट्यातील लहर साधारण ९ सेंटिमीटरची असते, तर २६ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम ११-१२ मिलिमीटरची असते. लांब लहर दूर जाते, अडथळ्याच्या कडेवरून वळते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येते. पण त्या पट्ट्यात जागा कमी असते. जिओने घेतलेला ७००चा पट्टा जाण्यासाठी १० आणि येण्यासाठी १० मेगाहर्ट्झ इतकाच रुंद आहे, तर मधल्या पट्ट्यात जिओ आणि एअरटेल या दोघांकडेही प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ आहेत. ज्या वेगासाठी ५जीचे एवढे नाव झाले, तो वेग मुख्यतः या मधल्या पट्ट्याचा आहे, आणि नेमका हाच पट्टा भिंतींसमोर दुबळा पडतो.

हा दुबळेपणा किती आहे, हे आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरते. मोकळ्या मैदानात, सारख्याच प्रकारच्या साध्या अँटेनांच्या साह्याने, ३५०० मेगाहर्ट्झची लहर ७०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत फोनला पंचवीस पट कमी शक्तीने मिळते. लहर वाटेत जास्त विरते असा याचा अर्थ नाही. अँटेनाचा आकार तरंगलांबीच्या प्रमाणात ठरतो, त्यामुळे लहान लहरीसाठीचा अँटेना हवेतून कमी क्षेत्रफळावरील ऊर्जा गोळा करतो, एवढेच याचे कारण आहे. वाटेत काँक्रीटची भिंत आली की फरक आणखी वाढतो. मोबाइल तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या गणिती प्रारूपानुसार काँक्रीटची भिंत ओलांडताना ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची शक्ती सुमारे सहापट घटते, तर ३५०० मेगाहर्ट्झची जवळजवळ ऐंशीपट. दोन्ही तोटे एकत्र धरले तर घरात पोहोचणाऱ्या शक्तीतील तफावत तीनशे पटींच्या पुढे जाते. २६ गिगाहर्ट्झच्या लहरीला तर काँक्रीटच्या भिंतीतून वाटच नाही, असे म्हणायला हरकत नाही.

नाशिकमध्ये भिंतींचे प्रकारही वेगवेगळे आहेत. जुन्या नाशकात आणि पंचवटीत दगड-विटांच्या जाड भिंतींचे वाडे अरुंद गल्ल्यांना खेटून उभे आहेत; तेथे लहर आधी गल्लीत उतरण्यासाठी धडपडते आणि मग माजघरापर्यंत जाण्यासाठी. सिडको आणि इंदिरानगरात काँक्रीटचे सांगाडे एकमेकांजवळ आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पत्र्याच्या शेड आहेत, आणि धातूचा पत्रा तर लहर सरळ परतवून लावतो. सर्वांत अनपेक्षित अडथळा मात्र नव्या, उंची इमारतींत सापडतो. साधी काच मधल्या पट्ट्यातील लहरीची शक्ती निम्म्याच्या आसपास आणते, पण उष्णता बाहेरच ठेवण्यासाठी धातूचा अतिशय पातळ थर दिलेली काच तीच शक्ती सुमारे अडीचशे पटींनी घटवते. म्हणजे गंगापूर रोडवरील काचेच्या दर्शनी भागाचे एखादे आधुनिक कार्यालय लहरींच्या दृष्टीने काँक्रीटच्या भिंतीपेक्षाही बंदिस्त ठरू शकते. इमारत बांधताना वीज आणि पाणी यांचा विचार होतो, तसाच काचेतून आत येणाऱ्या लहरींचाही व्हावा, असे मला मनापासून वाटते. कारण काच बसल्यानंतर टॉवरची शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही, आतच स्वतंत्र अँटेना लावावे लागतात.

या दुबळेपणावर ५जीने शोधलेला उपाय सुंदर आहे. मधल्या पट्ट्यातील लहर लहान असल्यामुळे एकाच पेटीत पुष्कळ लहान अँटेना बसवता येतात. टॉवरवर दिसणाऱ्या रुंद, चपट्या पेट्यांमध्ये लहरी पाठवणारे आणि घेणारे ३२ किंवा ६४ स्वतंत्र संच असतात, आणि त्यांच्या लहरींची वेळ किंचित मागेपुढे करून सगळी शक्ती एका झोतात, नेमकी फोनच्या दिशेने वळवता येते. फोन हलला की झोतही हलतो, आणि यात कोठेही यांत्रिक हालचाल नसते. मोकळ्या रस्त्यावर हा झोत मधल्या पट्ट्याची बरीच उणीव भरून काढतो. बंद खोलीत मात्र त्यालाही मर्यादा पडतात.

आता दांड्यांकडे वळू. फोनला मिळणारी शक्ती डीबीएम या एककात मोजतात, आणि हे प्रमाण लॉगरिदमचे आहे: दर दहा एककांना शक्ती दहापट बदलते. उणे ८० ही चांगली पातळी मानली जाते आणि उणे ११० ही कमकुवत. या दोहोंत हजारपटींचा फरक आहे. किती डीबीएमला किती दांड्या दाखवायच्या याचे सर्वांना बंधनकारक असे कोणतेही मानक नाही, ते फोनची कंपनी आणि सेवादार ठरवतात. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन फोनांच्या दांड्यांची तुलना निरर्थक असते. अनेक अँड्रॉइड फोनांत सेटिंगमधील फोनच्या माहितीत, सिमच्या स्थितीखाली, डीबीएमचा खरा आकडा दिसतो. तुलना करायचीच तर त्या आकड्याची करावी.

पण हा आकडाही वेग सांगत नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८मध्ये दाखवून दिले की कोणत्याही वाहिनीची कमाल क्षमता दोन गोष्टींनी ठरते: पट्ट्याची रुंदी, आणि सिग्नल गोंगाटाच्या, म्हणजे त्यात मिसळणाऱ्या नको असलेल्या लहरींच्या, किती पट आहे हे गुणोत्तर. यांतील रुंदी सरळ गुणली जाते, गुणोत्तराचा मात्र लॉगरिदम घेतला जातो. हा भेद फार महत्त्वाचा आहे. समजा, ७०० मेगाहर्ट्झच्या १० मेगाहर्ट्झ रुंद पट्ट्यात सिग्नल गोंगाटाच्या शंभरपट आहे. शॅननच्या सूत्राने एका प्रवाहाची मर्यादा सेकंदाला सुमारे ६६ मेगाबिट येते. दुसरीकडे मधल्या पट्ट्यात सिग्नल गोंगाटाच्या फक्त तिप्पट आहे, पण रुंदी १०० मेगाहर्ट्झ आहे. तेथे मर्यादा २०० मेगाबिट येते. मधल्या पट्ट्यात एकच वारंवारता आळीपाळीने माहिती उतरवण्यासाठी आणि चढवण्यासाठी वापरतात, म्हणून त्यातील काही वाटा वजा केला तरी कमकुवत दिसणारी जोडणीच पुढे राहते. प्रत्यक्षात अनेक अँटेनांमुळे दोन्हीकडचे आकडे वाढतात, तरीही एका दांडीवर वेग आणि चार दांड्यांवर संथपणा कसा संभवतो, हे यातून उलगडते.

गोंगाटाचा मोठा भाग शेजारच्या टॉवरांकडून येतो, कारण एका कंपनीचे सर्व टॉवर साधारणपणे तेच पट्टे पुन्हा पुन्हा वापरतात. म्हणूनच द्वारका चौकाजवळच्या उड्डाणपुलासारख्या उंच, मोकळ्या जागी किंवा बाराव्या मजल्याच्या गॅलरीत चमत्कारिक परिस्थिती उद्भवू शकते: तेथून अनेक टॉवर एकाच वेळी दिसतात, प्रत्येकाची लहर जोरकस पोहोचते, दांड्या पूर्ण भरतात, पण उपयोगाचा एक आणि व्यत्यय आणणारे चार अशी स्थिती असल्यामुळे वेग घसरतो. खाली रस्त्यावर, इमारतींच्या आडोशाने नको ते टॉवर झाकले गेल्यावर, तोच फोन सुरळीत चालतो.

जाळे टप्प्याटप्प्याने का वाढते, याचे उत्तरही येथेच आहे. पहिल्या टप्प्यात ५जीची यंत्रणा बहुधा ४जीच्याच टॉवरांवर बसवली गेली. त्या टॉवरांमधील अंतरे मात्र ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झसारख्या लांब लहरी गृहीत धरून ठरवलेली होती, त्यामुळे मधल्या पट्ट्याची वर्तुळे एकमेकांना भिडत नाहीत आणि मध्ये पोकळ्या राहतात. पोकळी भरायला नवी जागा, परवानगी, वीज आणि टॉवरपर्यंत फायबर लागते. नवा टॉवर सुरू झाला की जुन्या टॉवरचे अँटेना थोडे खाली झुकवावे लागतात, नाहीतर दोघे एकमेकांना व्यत्यय आणतात. परिणामी एखाद्या सोसायटीत आदल्या आठवड्यापर्यंत येणारी रेंज अचानक कमी होऊ शकते, आणि तरीही परिसराचा एकूण वेग वाढलेला असू शकतो. टॉवरवरचा अँटेना ज्या दिशेच्या भागाला सेवा देतो त्याला विभाग म्हणतात, आणि अशा प्रत्येक विभागाला एक ओळखक्रमांक द्यावा लागतो. ४जीत असे ५०४ क्रमांक होते, ५जीत ते १००८ झाले, तरी संपूर्ण शहरासाठी ते पुन्हा पुन्हा वापरावेच लागतात आणि जवळच्या दोन विभागांना एकच क्रमांक गेला तर फोन गोंधळतो. हे सगळे दोष गाडीत मोजणीची उपकरणे घेऊन रस्तोरस्ती फिरणारे अभियंते शोधून काढतात. या कामाची दखल क्वचितच घेतली जाते, पण जाळ्याची खरी घडण त्यातूनच होते.

५जीच्या चिन्हाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. एअरटेलने सुरुवात ज्या पद्धतीने केली, तीत फोन ४जीच्या जोडणीचा आधार धरूनच ५जी वापरतो. जिओने ५जीचा गाभा, म्हणजे जाळ्याचे नियंत्रण करणारी मध्यवर्ती यंत्रणा, स्वतंत्र ठेवला. पहिल्या पद्धतीत काही फोन जवळपास ५जी उपलब्ध आहे एवढ्या ४जी टॉवरच्या सूचनेवरूनच चिन्ह दाखवतात, प्रत्यक्ष माहिती मात्र ४जीवरूनच येत असते. शिवाय नव्या जाळ्यावर सुरुवातीला जो डोळे दिपवणारा वेग मिळाला, त्यात ग्राहकसंख्या कमी असण्याचा मोठा वाटा होता. एका विभागाची क्षमता त्यातील सर्व सक्रिय फोनांत वाटली जाते, म्हणून ५जी फोन वाढत गेले तसा प्रत्येकाचा वाटा घटला. यंत्रणा बिघडली असा त्याचा अर्थ होत नाही.

शहराच्या पश्चिमेला प्रश्नाचे रूप पालटते. पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरी या भागांत सह्याद्रीच्या रांगा आणि खोल दऱ्या आहेत. डोंगराच्या कडेवरून वळून दरीतल्या पाड्यापर्यंत उतरण्याची क्षमता लांब लहरीतच अधिक असते, म्हणून येथे मधल्या पट्ट्यापेक्षा ७०० मेगाहर्ट्झचे मोल मोठे आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालेल्या बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्यालाही हा पट्टा मिळालेला आहे. डोंगर चढणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते: पायथ्याच्या गावात रेंज नसते आणि माथ्यावर येते. १५६७ मीटर उंचीच्या साल्हेरसारख्या माथ्यावरून दूरचे टॉवर थेट नजरेच्या टप्प्यात येतात, त्याचा हा परिणाम. दुर्गम टॉवरांना फायबरऐवजी सूक्ष्मलहरींच्या तबकड्यांनी जोडलेले असते, आणि या लहरी साधारणपणे जेवढ्या उच्च वारंवारतेच्या, तेवढा पाऊस त्यांना अधिक शोषतो. इगतपुरीच्या मुसळधार पावसात फोन आणि टॉवर यांच्यातील लहर जवळजवळ अबाधित राहूनही टॉवरच्या पाठीमागची ही जोडणी क्षीण होते, आणि ग्राहकाला भरल्या दांड्यांसह बंद इंटरनेट मिळते.

आणखी एक मर्यादा फोनचीच आहे. टॉवर दहापासून शंभराहून अधिक वॉट शक्तीने बोलू शकतो, तर फोनची नेहमीची कमाल मर्यादा ०.२ वॉट असते. टॉवरचे म्हणणे फोनला ऐकू येते, पण फोनचे टॉवरला नाही, अशी सीमारेषेवरची अवस्था त्यामुळे निर्माण होते. कमी रेंजमध्ये बॅटरी लवकर उतरते तीही फोन सतत आपल्या कमाल शक्तीने ओरडत असल्यामुळे.

२०२६-२७च्या सिंहस्थात या सगळ्या अडचणी रामकुंडाभोवती एकवटतील. तेथे नदीचे खोलगट पात्र आहे, दोन्ही बाजूंना जुनी दाट वस्ती आहे, आणि पर्वणीला येणारा प्रत्येक जण छायाचित्रे व व्हिडिओ पाठवू पाहणार, म्हणजे ताण फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या दुबळ्या बाजूवर अधिक पडणार. चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करणे आवश्यक आहे, पण केवळ संख्या वाढवली तर व्यत्ययही वाढतो. घाटाचे लहान लहान विभाग पाडून प्रत्येकावर अरुंद झोताचा, खाली झुकवलेला अँटेना लावावा लागतो आणि मागे भक्कम फायबर द्यावे लागते. मानवी शरीरात पाणी पुष्कळ असल्याने दाट गर्दी स्वतःच मधल्या पट्ट्यातील लहरी शोषते, म्हणून रिकाम्या घाटावर घेतलेले मोजमाप पर्वणीच्या दिवशी लागू पडत नाही. त्र्यंबकेश्वरला तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी दरवर्षी प्रचंड गर्दी होते. त्या दिवशी फेरीच्या मार्गावर आणि कुशावर्ताजवळ उपकरणे घेऊन उभे राहिले, तर सिग्नल किती घटतो, फोनचा आवाज टॉवरपर्यंत कोठे पोहोचत नाही आणि कोणता विभाग आधी भरतो, याचे खरे आकडे सिंहस्थाच्या आधीच हाती येतील.