आलं-लिंबाचं गरम पाणी: पोटाकडून घशाकडे

पावसाची पहिली झड बसली की घरोघरी आलं ठेचलं जातं, पाणी उकळतं, वरून लिंबू पिळलं जातं. कृती सांगत बसायची गरज नाही. पण या पेयाला सरसकट ‘आजीबाईच्या बटव्यातलं’ म्हणतात, ते निम्मंच खरं आहे. आलं बटव्यातलं, सुंठ तर नक्कीच. लिंबाचं तसं नाही. घसा धरला की घरातली जुनी माणसं आधी आंबट बंद करायची. ताक नको, चिंच नको, लिंबू नको. मग खोकल्याच्या कपात लिंबू शिरलं कधी?

फार मागे जायचं तर आल्याचं मूळ आग्नेय आशियाकडे दाखवतात. आज ते रानटी अवस्थेत कुठे सापडत नाही, म्हणजे माणसाच्या हातून लागवड होऊन त्याला हजारो वर्षं झाली. संस्कृतात ओलं ते आर्द्रक आणि वाळलेली ती शुंठी, आणि वैद्यकात दोन्हींचे गुण वेगळे धरले आहेत. रसायनशास्त्रही तेच सांगतं. ओल्या आल्यातलं जिंजेरॉल हे तिखट द्रव्य वाळताना काही अंशी शोगाओल या दुसऱ्या द्रव्यात बदलतं आणि ते जास्त तिखट असतं. सुंठीचा काढा घशाला अधिक झोंबतो तो यामुळे. लिंबूवर्गातली फळंही ईशान्य भारत आणि त्यापलीकडच्या डोंगराळ पट्ट्यातून पसरली. आपलं कागदी लिंबू हा दोन जातींचा संकर आहे. इथवरचा प्राचीन इतिहास आपल्या कपापुरता पुरे.

मराठी स्वयंपाकघरात आलं आणि लिंबू एकत्र आले ते पोटासाठी. जेवणाआधी आल्याचा तुकडा मिठाबरोबर चावून खावा, भूक लागते, हे संस्कृत वचनातही आहे आणि पंगतीतल्या पानाच्या डाव्या बाजूलाही. त्याचंच बाटलीत भरलेलं रूप म्हणजे पाचक. आलं किसून पिळायचं आणि रस तासभर तसाच ठेवायचा. तळाला पांढरा साका बसतो, तो आल्यातला स्टार्च. वरची निवळ हलक्या हाताने ओतून घ्यायची आणि साका टाकायचा. मग लिंबाचा रस, सैंधव, पादेलोण, साखर, चिमूटभर हिंग. कोवळ्या आल्याचे काप लिंबाच्या रसात बुडवून ठेवले तर ते दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात. लहान मुलांना तेवढ्यासाठीच ती बरणी आवडायची. यात गरम पाण्याचा कुठे संबंध नव्हता आणि खोकल्याचा तर नाहीच. खोकल्याला आल्याचा रस आणि मध, तोही चाटण म्हणून, चमच्याच्या टोकावर.

लिंबाला घशाकडे आणणारी वाट समुद्रावरून आली. १७४७ मध्ये एका ब्रिटिश नौदल डॉक्टरने स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येणारा रोग, झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीवर वेगळा उपचार केला, आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी लवकर बरी झाली. नौदलात लिंबाचा रस नेमाने मिळू लागायला १७९५ साल उजाडलं. पुढे १९३० च्या आसपास स्कर्व्ही टाळणारं लिंबातलं क जीवनसत्त्व वेगळं काढता आलं, आणि १९७० मध्ये एका नामवंत शास्त्रज्ञाने ते भरपूर घेतल्यास सर्दी टळते असं पुस्तक लिहून जगभर गोळ्यांची लाट आणली. नंतरच्या चाचण्यांतून निघालं ते माफकच: रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर आवरते, सर्दी झाल्यावर घेऊन मात्र ठोस फायदा दिसत नाही. त्यातही अर्ध्या कागदी लिंबातून मिळणारं क जीवनसत्त्व जेमतेम पाच-सात मिलिग्रॅम. उकळत्या पाण्यात ते ‘मरतं’ म्हणून होणारे वाद त्या मानाने भलतेच मोठे आहेत. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं ते चवीसाठी. सालीसकट, बियांसकट उकळलं की कप कडू होतो.

तोवर ब्रिटनमध्ये गरम पाणी, लिंबू, मध आणि जमल्यास थोडी व्हिस्की हा सर्दीवरचा घरगुती उपाय रुळलेला होता. १९६९ मध्ये तिथे लिंबाच्या चवीची पॅरासिटामॉलची पुडी निघाली, गरम पाण्यात विरघळवून प्यायची. तशा पुड्या आपल्या औषधाच्या दुकानांतही आल्या, आणि लिंबू म्हणजे सर्दी ही जोडी जाहिरातींनी पक्की केली. दुसरी वाट हिमालयातून. मनाली, लेह, नेपाळमधल्या चहाच्या टपऱ्यांत आणि ट्रेकच्या मुक्कामांत ‘जिंजर लेमन हनी’ पाटीवर असतंच. तिथे जाऊन आलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी ते घरी रुजवलं असणार.

आता मधाचा मुद्दा. या पेयाबद्दलचा खरा वाद तोच आहे.

चरकसंहितेत मध गरम करून, किंवा उष्णतेने त्रासलेल्या माणसाला देऊ नये, तो मारक ठरतो असं स्पष्ट म्हटलं आहे. कारण असं दिलं जातं की मधमाशी नाना फुलांवर बसते, त्यांत विषारीही असतात, आणि विषाचा अंश उष्णतेने बळावतो. अपवादही सांगितला आहे: वमनासाठी, म्हणजे मुद्दाम उलटी करवण्यासाठी, दिलेल्या गरम द्रव्यात मध चालतो, कारण तो पचायच्या आत बाहेर पडतो. नियमामागे विचार आहे हे त्या अपवादावरूनच कळतं. म्हणून त्याला ‘अंधश्रद्धा’ म्हणून उडवून लावणं मला उथळ वाटतं.

गंमत अशी की याच महाराष्ट्रात सकाळचं कोमट पाणी, लिंबू आणि मध हा निसर्गोपचाराच्या मंडळींचा रोजचा परिपाठ झाला. पुण्याजवळ उरुळी कांचनला १९४६ मध्ये निसर्गोपचाराचं केंद्र सुरू झालं, त्याआधीपासून ही पद्धत आश्रमीय आहारात होती. म्हणजे एकाच घरात वैद्य सांगणार ‘गरमात मध नको’ आणि निसर्गोपचारवाला सांगणार ‘उपाशीपोटी तेच घ्या’. तडजोड ‘कोमट’ या शब्दावर झाली. पण कोमट म्हणजे किती? बोट बुडवून चटका बसत नाही इतकं, असं मोजमाप बहुतेक घरांत चालतं, आणि दोन्ही बाजूंना त्यात आपापला विजय दिसतो.

प्रयोगशाळेचं म्हणणं असं. मध तापवला की त्यातली विकरं (एन्झाइम) कमी होतात आणि हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल नावाचं द्रव्य वाढतं. आंतरराष्ट्रीय मानकांत त्याची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम, आणि उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०. पण ते ठळकपणे वाढतं मध बराच वेळ तापत ठेवला किंवा महिनोन् महिने उन्हाळ्यात पडून राहिला तर. चमचाभर मध दहा मिनिटं गरम पाण्यात राहिला म्हणून कप विषारी होत नाही. भाजलेल्या कॉफीत हेच द्रव्य कितीतरी जास्त असतं. शिवाय बाजारातला बाटलीबंद मध भरण्याआधी बहुधा तापवलेलाच असतो. ‘कोमट पाण्यातच घाला’ म्हणून आग्रह धरणारे पुष्कळ जण तोच मध वापरतात. दुसरीकडे २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या आरोग्य मार्गदर्शनात साध्या खोकल्यावर प्रतिजैविकांआधी मध वापरून पाहा असं आलं, त्यालाही वजन आहे. एक गोष्ट मात्र वादापलीकडची: वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच रूपात द्यायचा नाही, कारण बोट्युलिझम या जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचा धोका.

या सगळ्यात २०२० चा, कोरोनाच्या सुरुवातीचा, सरकारी सल्ला शहाणपणाचा वाटतो. त्या वर्षी मार्चअखेरीस केंद्रातल्या आयुष खात्याने, म्हणजे आयुर्वेदासारख्या पद्धतींच्या मंत्रालयाने, काढा सुचवला: तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका, दिवसातून एकदा किंवा दोनदा, वर चवीपुरता गूळ आणि हवा असल्यास ताज्या लिंबाचा रस. लिंबू तिथे चवीला होतं, औषधाला नाही, आणि काढ्यात मधाचं नाव नव्हतं. मध त्याच यादीत वेगळ्या जागी, खोकल्याला लवंगेच्या पुडीबरोबर चाटायला. म्हणजे वाद चुकवला होता, बहुधा जाणूनबुजून. हा कोरोनावरचा उपचार असल्याचा दावा नाही, हेही लिहिलं होतं. पाठोपाठ एप्रिलमध्ये ठरावीक प्रमाणाची पूड आली: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १, आणि ३ ग्रॅमला १५० मिलिलिटर पाणी.

घरापर्यंत पोहोचताना ‘एकदा किंवा दोनदा’ गळून पडलं. लोक भांडंभर उकळून दिवसभर पीत राहिले. मे महिन्याच्या उन्हात मिरी-दालचिनीचा मारा झाल्यावर व्हायचं तेच झालं: पित्त, तोंड येणं, मूळव्याधीच्या तक्रारी. काढ्यात गुळवेलही पडू लागली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आणि खात्याने उत्तर दिलं की वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असते. तो वाद मिटला नाही. साधं आलं-लिंबाचं पाणी मात्र या काळात वर आलं, कारण काढा नकोसा झालेल्यांना तेच सोसणारं होतं.

ते घशाला बरं वाटायला लावतं याचं कारण थोडंफार तपासलं गेलं आहे. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफला सर्दी झालेल्या ३० जणांना फळाचं पेय दिलं, कुणाला गरम, कुणाला साध्या तापमानाचं. गरम घेणाऱ्यांना खोकला, शिंका, घशाची खवखव, हुडहुडी, थकवा या सगळ्यांत लगेच उतार वाटला. नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजली, त्यात मात्र फरक नव्हता. त्या पेयात आलंही नव्हतं आणि आपलं लिंबूही नव्हतं. गरमपणा, थोडी आंबट-गोड चव आणि सुटणारी लाळ यांनीच बरंचसं काम केलं.

काढ्याच्या लाटेचा फायदा आलं पिकवणाऱ्याला झाला असेल असा समज आहे, तो साताऱ्याच्या बाजाराने खोटा ठरवला. तिथे आलं ५०० किलोच्या ‘गाडी’वर विकलं जातं. २०२१ मध्ये, घरोघरी काढे उकळत असताना, गाडीचे दर इतके पडले की अनेकांनी लागवड कमी केली. आलं महाग झालं ते २०२३ मध्ये, माल कमी पडल्यावर, आणि तोवर काढ्याची पातेली बहुतेक घरांत पुन्हा चहाला लागली होती.