पायलोनायडल सायनस : मोठ्या चिरेकडून छोट्या चिरेकडे

माकडहाडाच्या थोडं वर, नितंबांमधल्या घळीत एक गळू येतं. बसवत नाही, उताणं झोपवत नाही. रोगी बहुधा पंधरा ते तीस वर्षांचा असतो, मुलींपेक्षा मुलगे जास्त. जागाच अशी की घरात सांगायचीही लाज वाटते, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. गळू फुटतं, पू वाहून जातो, बरं वाटतं आणि काही महिन्यांनी सगळं पुन्हा सुरू होतं. पायलोनायडल सिस्ट (पिशवी) किंवा सायनस (कातडीखाली गेलेला अरुंद, वाहता मार्ग) म्हणतात तो हाच आजार.

त्यावर एक सर्जन सगळा भाग कापून जखम उघडी ठेवायला सांगतो, दुसरा फ्लॅप, म्हणजे शेजारची कातडी सरकवून जखम झाकणं, सुचवतो, तिसरा कातडीवरची बारीक छिद्रं तेवढी कापून आतले केस साफ करू म्हणतो. रोगी गोंधळतो. एवढ्याशा आजाराला इतके निरनिराळे उपचार का, हे त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही. हा आजार मुळात कशामुळे होतो याबद्दल सर्जन मंडळी कित्येक दशकं चुकीच्या समजुतीवर चालली होती, आणि आत काय आहे याची जशी कल्पना, तेवढी मोठी चीर घेतली जात होती.

पहिली नोंद 1833 सालची. हर्बर्ट मेयो या इंग्रज सर्जननं एका स्त्रीच्या माकडहाडाजवळच्या सायनसमध्ये केस सापडल्याचं लिहून ठेवलं. 1847 मध्ये अँडरसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकाला अशाच व्रणातून काढलेल्या केसांविषयी पत्र पाठवलं. 1880 मध्ये त्याच नियतकालिकात रिचर्ड हॉजेस यांनी या आजाराला आजचं नाव दिलं. या सगळ्या नोंदींत केस आहेतच. प्रश्न होता तो केस तिथं येतात कुठून हा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भ्रूणशास्त्र जोरात होतं. गर्भात मणक्याच्या खालच्या टोकाशी कातडी नीट मिटली नाही, तिथं एक पिशवी राहून गेली आणि तिच्यातच केस उगवले, असा निष्कर्ष निघाला. तो पटण्यासारखाही होता, कारण जागा अगदी मधोमध आणि मणक्याच्या शेवटाशी. मग उपचारही ओघानं ठरला. जन्मजात पिशवी समूळ काढायची, म्हणजे माकडहाडावरच्या पडद्यापर्यंत खोल कापायचं, शंका येईल तेवढं आजूबाजूचं मांसही घ्यायचं आणि खड्डा उघडा ठेवून रोज गॉज भरत तो तळापासून भरून येण्याची वाट पाहायची. यातल्या किती निरोगी मांसाची काहीच गरज नव्हती, हे आज वाचताना वाईट वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात याची खरी झळ कळली. खडबडीत रस्त्यांवर तासन् तास जीपमध्ये आदळत बसलेल्या सैनिकांना हा आजार इतका होऊ लागला की लुई बुई यांनी 1944 मध्ये त्याला ‘जीप डिसीज’ म्हटलं. युद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराचे सुमारे 80 हजार सैनिक यापायी रुग्णालयात दाखल झाले. धडधाकट तरुण आठवडेच्या आठवडे पालथे पडून होते. मोठी शस्त्रक्रिया होऊनही अनेकांना आजार उलटून येत होता. पिशवी जन्मजात होती आणि ती मुळासकट काढली, तर ती पुन्हा आली कुठून?

हाच प्रश्न 1946 मध्ये लंडनच्या डेव्हिड पेटी आणि स्कार्फ यांनी सरळ विचारला. त्यांनी पाहिलं की पोकळीतले केस सुटे असतात आणि त्या पोकळीच्या भिंतीत केसांची मुळं नसतात. म्हणजे केस तिथं उगवलेले नाहीत, बाहेरून आत शिरलेले आहेत. दोन वर्षांनी त्यांनी एका न्हाव्याच्या हातावरचा असाच सायनस वर्णन केला. न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांचे कापलेले बारीक केस घुसतात आणि तिथं अगदी तसाच नासूर तयार होतो. बोटांच्या बेचक्यात गर्भावस्थेतली पिशवी असण्याचं काही कारणच नाही, आणि केस तर दुसऱ्याच माणसाचे! माझ्या मते या आजाराच्या इतिहासातला सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे.

इथं सुश्रुतसंहिता आठवते. शल्य म्हणजे काय हे सांगताना सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात गवत, लाकूड, दगड, लोखंड, हाड यांच्या बरोबरीनं केस आणि नख ही नावं येतात. नाडीव्रणांमध्ये, म्हणजे नळीसारख्या खोल वाहत्या जखमांमध्ये, आत राहिलेल्या शल्यामुळे होणारा प्रकारही वेगळा सांगितला आहे. सुश्रुतांना नेमका हाच आजार माहीत होता असं म्हणणं ताणल्यासारखं होईल. पण शरीरात शिरलेला केस हे शल्य आहे आणि शल्य काढल्याशिवाय नाडीव्रण भरत नाही, हा विचार तिथं स्वच्छ मांडलेला आहे.

केस आत शिरतो कसा, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की समजतं. केसावर अगदी बारीक खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाच्या दिशेला असतात. म्हणून मुळाकडचा भाग कातडीत रुतला की केस पुढेच सरकतो, मागे येत नाही. गवताचं कुसळ कपड्यात शिरतं ना, तसंच. बसणं, उठणं, चालणं यांत दोन्ही बाजूंची कातडी एकमेकींवर घासते आणि केसाला रेटा मिळत राहतो. घळीत घाम असतो, हवा नसते, कातडी मऊ पडलेली असते. जॉर्ज करिदाकिस या ग्रीक लष्करी सर्जननं हीच तीन कारणं मांडली : सुटा केस, त्याला आत ढकलणारा जोर आणि तो आत घेणारी कमजोर कातडी.

करिदाकिस यांचं 1973 सालचं काम या इतिहासातलं वळण आहे. जखम घळीच्या तळाशी, मधोमध शिवली तर तिथंच घाम, तिथंच घर्षण आणि तिथंच नवे केस. टाके उसवतात किंवा आजार उलटतो. म्हणून त्यांनी चीर एका बाजूला घेतली, दुसऱ्या बाजूची कातडी ओढून आणली आणि टाक्यांची रेघ मधल्या रेषेपासून बाजूला नेली. घळही उथळ झाली. 1992 मध्ये त्यांनी सहा हजारांहून अधिक रोग्यांचा अनुभव मांडला, त्यात आजार उलटण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं. इतरांना इतके चांगले आकडे नेहमी मिळाले नाहीत, पण दिशा बरोबर ठरली. रशियन सर्जन लिम्बर्ग यांचा चौकटीच्या आकाराचा फ्लॅपही पुढे याच कारणासाठी इथं वापरात आला.

तिकडे काही जण चीर लहान करण्याच्या मागे होते. 1964 मध्ये फिनॉल हे दाहक रसायन आत सोडून पोकळी जाळण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी पीटर लॉर्ड आणि मिलर यांनी फक्त छिद्रं काढून आतला मार्ग बारीक ब्रशनं घासून केस बाहेर काढायला सुरुवात केली. 1980 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या जॉन बॅस्कम यांनी दाखवलं की मधल्या रेषेवरची ती बारीक छिद्रं म्हणजे रुंदावलेली, बिघडलेली केसांची मुळंच असतात. ती छिद्रं तेवढी अलगद काढायची, बाजूनं छोटी चीर देऊन पोकळी साफ करायची आणि रोग्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं, असा त्यांचा मार्ग होता. वारंवार शस्त्रक्रिया होऊनही ज्यांची जखम भरत नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी 1987 मध्ये ‘क्लेफ्ट लिफ्ट’ मांडली. तिच्यात मांस जवळजवळ काढतच नाहीत, आजारी कातडी काढून घळ सपाट करतात. जखम भरत नाही यात रोग्याचा दोष नसून त्या जागेचा आहे, हे त्यांनी ओळखलं. वर्षानुवर्षं ड्रेसिंग करून खचलेल्या माणसाला हे ऐकणं किती मोलाचं असेल!

लष्करातूनच आलेला आणखी एक अनुभव 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. हवाईतल्या ट्रिपलर लष्करी रुग्णालयात मोठ्या शस्त्रक्रियांऐवजी आजूबाजूचे केस काढणं, स्वच्छता आणि गळू झालंच तर बाजूनं चीर देऊन पू काढणं यावर भर दिला गेला. बहुतेकांना मोठी शस्त्रक्रिया लागलीच नाही. अलीकडे दुर्बिणीतून आत बघत केस वेचून काढण्याची आणि लेझरनं मार्ग बंद करण्याची पद्धतही आली आहे.

एवढं होऊनही जुनी रीत गेलेली नाही. खोल कापून जखम उघडी ठेवली तर ती भरायला साधारण दीड-दोन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. आजार उलटण्याचं प्रमाण टाके घालण्यापेक्षा कमी, पण रोजचं ड्रेसिंग, सुटणारी शाळा किंवा नोकरी हे सगळं सोसावं लागतं. मधोमध टाके घातले तर सुरुवातीला लवकर बरं वाटतं. 2018 मध्ये जवळपास 90 हजार रोग्यांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा दिसलं की वर्षं जातील तसा आजार उलटत राहतो आणि मधोमध शिवलेल्यांत तो सर्वाधिक उलटतो. म्हणून एका वर्षाचा निकाल पाहून कुठल्याही पद्धतीचं कौतुक करू नये. टाके घालायचेच असतील तर ते मधल्या रेषेपासून बाजूला घ्यावेत, यावर आता बरीच सहमती आहे.

बरं झाल्यावर काय करायचं, याचंही उत्तर बदललं. त्या जागी वस्तरा फिरवत राहा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जाई. 2009 मधल्या एका जर्मन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर वस्तरा वापरणाऱ्यांमध्ये आजार उलट अधिक वेळा परतलेला दिसला. त्याच देशातल्या संशोधकांना 2018 मध्ये सायनसमधल्या केसांत डोक्याचे, कापल्यानं टोकदार झालेले बारीक तुकडे मोठ्या संख्येनं सापडले. केस कापून आल्यावर लगेच पाठ धुवून अंघोळ करावी, हा सल्ला त्यामुळे पोकळ वाटत नाही. लेझरनं केस कायमचे विरळ करण्याला मात्र चांगला आधार मिळाला आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 11 ते 21 वयाच्या सुमारे 300 रोग्यांपैकी ज्यांना नेहमीच्या काळजीबरोबर लेझर मिळालं, त्यांच्यात वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. नुसती नेहमीची काळजी मिळालेल्यांत ते तेहतीस टक्क्यांच्या आसपास होतं.

ताप, वाढता ठणका आणि लाल सूज असेल तर थांबू नये. पू साठला की नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही, तो चीर देऊनच काढावा लागतो. पुढच्या शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र पू निघून सूज उतरल्यावर, सावकाश घेता येतो. तेव्हा सर्जनला विचारावं : टाके कुठल्या रेषेवर येणार, घळ उथळ होणार का, आणि माझ्या सायनसला याहून छोटी चीर पुरेल का?