मीटरच्या पलीकडे जाणारी वायर: पॉवरलाइन नेटवर्कच्या कुलपाची पार्श्वभूमी

मागच्या पावसाळ्यात आमच्या मोबाइलमधल्या कास्टच्या लिस्टमध्ये अचानक 'बेडरूम टीव्ही' असं नाव दिसायला लागलं. आमच्या बेडरूममध्ये टीव्हीच नाहीये. आधी वाटलं वायफायचा पासवर्ड कुणाला तरी कळलाय, म्हणून तो बदलला, तरी नाव काही जाईना, आणि दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की हे वायफायवरून येतच नाहीये, हे भिंतीतल्या सॉकेटमधून येतंय. राउटर हॉलमध्ये, मागच्या खोलीत आरसीसीच्या भिंतींमुळे रेंज शून्य, म्हणून मी पॉवरलाइन अ‍ॅडाप्टर लावले होते, एक राउटरपाशी, एक मागे, मधलं काम घरातल्या लाइटच्या वायरिंगनेच करायचं. वरच्या मजल्यावरच्या काकांनीही तेच केलं होतं. दोघांनी बॉक्समधून काढले आणि तसेच सॉकेटला लावले. झालं, दोन घरांचं एक नेटवर्क. कधी आमच्या मोबाइलला त्यांच्या राउटरकडून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळायचा, म्हणजे आमचं ब्राउझिंग त्यांच्या कनेक्शनवरून चाललेलं, आणि त्यांना आमचा प्रिंटर दिसायचा.

यात काकांचीही चूक नाही आणि माझीही तशी नाही. ही वायर अशीच वागत आलीये, तिला कुलूप लावायचा विचारच फार उशिरा आला.

विजेच्या तारांवरून दुसरं काहीतरी पाठवायचं हे नवीन नाही. वीज कंपन्या १९२० च्या दशकापासूनच हाय टेन्शन लाइनवरून आपापल्या सबस्टेशनशी बोलत होत्या. घराघरात हे पोचलं ते एक्स-टेनमुळे. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये ही पद्धत काढली, त्यांचा दहावा प्रकल्प म्हणून हे नाव. बटण दाबलं की वायरिंगवरून १२० किलोहर्ट्झचा सिग्नल जातो आणि दुसऱ्या खोलीतला दिवा लागतो. प्रत्येक उपकरणावर दोन छोट्या चकत्या, एकीवर ए ते पी असा घराचा कोड, दुसरीवर १ ते १६ नंबर, म्हणजे सगळे मिळून २५६ पत्ते. पासवर्ड वगैरे काही नाही. अमेरिकेत एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या दोन घरांनी चकती ए वरच ठेवली तर शेजारणीने स्विच दाबल्यावर तुमच्या हॉलमधला दिवा लागायचा, आणि उपाय एकच, चकती फिरवून दुसरं अक्षर निवडा. त्या काळात सॉकेटला लावायचे इंटरकॉमही मिळायचे, लहान बाळाच्या खोलीत ठेवायला, त्यांचंही तेच, एकच चॅनेल निवडलं की शेजारचं बोलणं ऐकू यायचं. पण दिवाच तर लागतोय, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही, आणि मला वाटतं पुढच्या सगळ्या दुर्लक्षाचं मूळ इथेच आहे.

मग इंटरनेट आलं. २००० मध्ये कंपन्यांनी मिळून लाइटच्या वायरिंगवरच्या नेटवर्कसाठी होमप्लग नावाची संघटना काढली आणि जून २००१ मध्ये होमप्लग १.० हे स्टँडर्ड आलं, कागदावर १४ मेगाबिट स्पीड. आता वायरवरून दिव्याचा हुकूम नाही तर माणसाचा मेल, बँकेचं काम जाणार होतं, म्हणून एन्क्रिप्शन ठेवलं, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये अशी सोय, पण कुठलं तर ५६ बिटच्या किल्लीचं, डीईएस नावाचं. आता हे बघा, १९९८ मध्येच इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या अमेरिकन संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत एक मशीन बांधून डीईएसची किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली होती, आणि १९९९ च्या जानेवारीत तेच काम २२ तासांवर आलं. म्हणजे कुलूप बाजारात येण्याआधीच ते उघडता येतं हे जगाला माहीत होतं. त्याची जागा घेणारं एईएस अमेरिकन सरकारी स्टँडर्ड म्हणून नोव्हेंबर २००१ मध्ये आलं, होमप्लग १.० नंतर पाच महिन्यांनी.

पण खरी गोची डीईएसची नव्हतीच. शेजारी राहणारा कुठला माणूस मशीन बांधून किल्ली फोडणार आहे. खरी गोची अशी की फॅक्टरीतून निघताना पासवर्ड सगळ्यांना सारखाच, 'होमप्लग' हाच शब्द. कुठल्याही कंपनीचा अ‍ॅडाप्टर कुठल्याही दुसऱ्याशी लावल्या लावल्या जुळला पाहिजे ही त्यामागची इच्छा, आणि ग्राहकाला ते आवडतंही, लावला की चालू. २००५ मध्ये होमप्लग एव्ही आलं, २०० मेगाबिट, डीईएस जाऊन १२८ बिटचं एईएस आलं, म्हणजे कुलूप एकदम दणकट झालं. आणि ठरलेला पासवर्ड? 'होमप्लगएव्ही'. दणकट कुलूप आणि सगळ्या बिल्डिंगला एकच किल्ली.

एव्हीमध्ये किल्ल्या तीन प्रकारच्या असतात, हे एकदा समजलं की बाकीचं सोपं जातं. एक नेटवर्कची, ती पासवर्डपासून तयार होते आणि ज्याच्याकडे ती असेल तो तुमच्या घरातला समजला जातो. दुसरी रोजच्या डेटासाठीची, ती अ‍ॅडाप्टर आपापसात थोड्या थोड्या वेळाने बदलत राहतात, तिच्याकडे आपण बघायची गरज नाही. तिसरी एकेका अ‍ॅडाप्टरची स्वतःची, मागच्या स्टिकरवर चार-चार अक्षरांच्या चार गटांत छापलेली, इतकी बारीक की मी मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचली. ही किल्ली ज्याच्याकडे असेल तो त्या अ‍ॅडाप्टरला वायरवरूनच सांगू शकतो की आजपासून तुझं नेटवर्क हे. म्हणून जुना अ‍ॅडाप्टर विकताना त्या स्टिकरचा फोटो जाहिरातीत टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती.

लोकांना पासवर्ड बदलायला सॉफ्टवेअर लागतं आणि ते कुणी टाकत नाही, म्हणून पेअरचं बटण आलं. एकावर दाबायचं, दोन मिनिटांत दुसऱ्यावर दाबायचं, दोघे मिळून नवीन किल्ली ठरवतात. हे मला मनापासून चांगलं वाटतं, पण ती दोन मिनिटं दार उघडं असतं, त्याच वेळात वरच्या मजल्यावर कुणी बटण दाबलं तर तोही आत. आणि २०१४ मध्ये सेबास्तियाँ दुदेक या फ्रेंच संशोधकाने आणखी एक भोक दाखवलं, काही अ‍ॅडाप्टरमध्ये ती स्टिकरवरची किल्ली खरी रँडम नव्हतीच, ती उपकरणाच्या ओळख नंबरवरून, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवरून हिशेबाने काढलेली होती. मॅक अ‍ॅड्रेस तर वायरवर कळतोच.

आता राहतो मीटरचा प्रश्न. दुकानदार सांगतो मीटरच्या पुढे सिग्नल जात नाही. मी आमच्या मीटर रूममध्ये उभं राहून बघितलं, एकाच फेजच्या सगळ्या फ्लॅटचे मीटर एकाच बसबारला, म्हणजे वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीला, जोडलेले, म्हणजे आमच्या सॉकेटपासून काकांच्या सॉकेटपर्यंत अखंड तांबं आहे, मधे दोन मीटर. मीटरने सिग्नल दुबळा होतो, थांबत नाही. फेज वेगळी असली तरी डक्टमधून सगळ्यांच्या केबल मजलोन्मजले एकमेकींना चिकटून जातात, आणि होमप्लग एव्ही चालतं २ ते २८ मेगाहर्ट्झवर, एवढ्या फ्रिक्वेन्सीला शेजारच्या केबलमध्ये उडी मारायला जोड लागत नाही. बंगल्यात हे फारसं जाणवत नाही, पण फ्लॅट सिस्टिममध्ये हेच चालू असतं.

आम्ही मग एका रविवारी सकाळी बसलो. काकांचे अ‍ॅडाप्टर आधी सॉकेटमधून काढून ठेवले, माझ्या दोन्हींवर दहा सेकंद बटण दाबून जुनी किल्ली घालवली, मग दोघांना पेअर केलं, नंतर लॅपटॉपवरून स्वतःचा लांब पासवर्ड टाकला आणि सॉफ्टवेअरमध्ये दोनच मॅक अ‍ॅड्रेस दिसतायत ना ते स्टिकरशी ताडून बघितलं. मग माझे काढून त्यांचे केले. 'बेडरूम टीव्ही' त्याच दिवशी गेला. संध्याकाळी दोन्ही घरी सिनेमा चालू असला की स्पीड मात्र अजूनही पडतो, कारण किल्ल्या वेगळ्या झाल्या तरी वायर एकच आहे आणि दोन्ही नेटवर्क तिच्यावर आळीपाळीनेच बोलतात.